आरोग्य-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या अनेक बायका तिशी-पस्तिशीतच गर्भाशय काढून घेतात. यामागे अज्ञान आहे की गरिबी?
— एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : अज्ञान असेलही, पण माझ्या मते ते दुय्यम आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची असते आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड पडतो. कोपीजवळ, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीजवळ, ना शौचालय, ना पुरेसे पाणी. त्यामुळे होणारा जंतुसंसर्ग अंगावर काढला जातो, आणि दुखणे असह्य झाल्यावर उपचारांसाठी वारंवार येणे परवडत नसल्याने ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला पटतो. २०१९ मधील शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सोबत अंडाशयेही काढली, तर ऐन उमेदीत हाडे ठिसूळ होऊ लागतात. डोक्यावरची मोळी मात्र सुटत नाही. या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घेण्याचा नियम योग्यच आहे, परंतु उसाच्या फडावर पाणी, शौचालय आणि दवाखाना पोहोचला नाही, खाड्याचा दंड थांबला नाही, तर ते दुखणे तसेच राहील.