नव्या वॉकी-टॉकींचा आवाज जुन्या सेटवर हळू येतो, जुन्यांचा नव्यांवर फाटतो. नवे सेट परत करावेत का?

परत करू नका. सेट धड आहेत, प्रोग्रॅमिंग चुकलंय. तुम्ही सांगितलेली लक्षणं जवळपास नेहमी एकाच गोष्टीची असतात: जुने सेट २५ किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर (वाइड) आणि नवे १२.५ च्या (नॅरो).

एका साखर कारखान्यात ऐन गळिताच्या हंगामात मी हेच पाहिलंय. केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, वजनकाट्यावरचा माणूस घसा फोडून ओरडतोय आणि क्रेनवाल्याला अर्धे शब्द कळतायत. पुरवठादाराच्या माणसाने आधी अँटेना बदलल्या, मग बॅटऱ्या, आणि शेवटी जास्त वॉटच्या सेटचं कोटेशन पुढे केलं. स्टोअरवाले सही करायलाच बसले होते. मी केबल लावून एक जुना आणि एक नवा सेट रीड केला, म्हणजे त्यांतलं प्रोग्रॅमिंग कॉम्प्युटरवर घेतलं, आणि दोन्ही फायली शेजारी उघडल्या. फ्रिक्वेन्सी तीच, टोन (जुळला तरच सेट आवाज सोडतो तो संकेत) तोच, फक्त बँडविड्थच्या रकान्यात एकीकडे वाइड, दुसरीकडे नॅरो. वाइडचं डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी जेवढी हलते ते, ५ किलोहर्ट्झपर्यंत जातं, नॅरोचं २.५ पर्यंत. म्हणून नॅरो सेटचं बोलणं वाइडवर हळू येतं, आणि वाइडचं नॅरोच्या फिल्टरमध्ये मावत नाही. यात वॉट वाढवून काय होणार?

नव्या सेटच्या फाइलमध्ये काट्याच्या वेगळ्या चॅनेलला मात्र टोनऐवजी वापरतात तो डिजिटल कोड ०२३ उलटा टाकलेला होता. ०२३ उलटा केला की तो ०४७ होतो, म्हणजे समोरचा सेट उघडतच नाही. तरी पुरवठादाराचा माणूस म्हणत राहिला, ‘तिथे रेंजच नाही.’

मुळात चूक झाली ती जुना सेट रीड न करता दुसऱ्या गिऱ्हाइकाची फाइल ठोकून दिल्यामुळे. आधी रीड, मग सेव्ह, मगच राइट (नवं प्रोग्रॅमिंग सेटमध्ये भरणं). यावर माझे अनेकांशी खटके उडालेत. ‘सेट चालतोय ना, मग फाइल कशाला जपायची?’ असं म्हणणाऱ्याच्या हातात मी एकही सेट देणार नाही.

हे सगळं ॲनालॉगचं झालं. डीएमआर, म्हणजे डिजिटल पद्धतीचे सेट असतील तर कलर कोड, स्लॉट आणि टॉकग्रुप या सेटिंग्ज सगळीकडे सारख्या आहेत का बघा. आणि हो, चॅनेलची रुंदी मनाने बदलू नका. परवान्यावर सिग्नलच्या रुंदीचा संकेत १६के०एफ३ई असेल तर वाइड, ११के०एफ३ई असेल तर नॅरो. सगळे सेट त्याप्रमाणेच लावा.

पुरवठादाराकडून प्रोग्रॅमिंगची फाइल आणि तिचा पासवर्ड मागून घ्या. ‘ती आमची असते’ असं ऐकवतील. परवाना तुमच्या नावावर, फी तुम्ही भरता, मग फाइल त्यांची कशी? बिल चुकतं करण्याआधीच घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.