वाळवंटातली अमरवेल की बांडगूळ?

गोव्याच्या डिचोली भागातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात झुडपांवर वाढणाऱ्या एका फुलं येणाऱ्या परोपजीवी वेलीवर त्या मुलांसाठी लेख लिहीत आहेत. वेलीचं शास्त्रीय नाव कस्कुटा डेंटिक्युलाटा. तिला मराठीत बांडगूळ म्हणावं की अमरवेल? आणि ‘वाळवंटी अमरवेल’ हे नाव चालेल का?

बाई, अमरवेलच म्हणा. आपल्याकडची अमरवेल, म्हणजे कस्कुटा रिफ्लेक्सा, आणि ही मोहावीतली वेल कस्कुटा या एकाच प्रजातीतल्या (genus) दोन वेगळ्या जाती. दोघींचं कूळ गारवेलीचं. कुळाचा पुरावा फुलात सापडतो, कारण बाकी अंगावर पान म्हणून दिसत नाही. पिवळ्या-नारिंगी दोऱ्यांचा गुंता, आणि त्यावर बारीक पांढरी फुलं. भिंगातून पाहिलं तर मोहावीतल्या वेलीच्या फुलाचे निदल, म्हणजे पाकळ्यांखालची दलं, कडेला बारीक दातेरी दिसतात. ‘डेंटिक्युलाटा’ हे नाव त्यावरूनच पडलं. बी जमिनीत रुजतं, कोंबाला थोडंसं मूळही असतं. पण क्रिओसोटसारखं झुडूप हाती लागलं, की वेल त्याला वेढे घालते, शोषक मुळं खोडात घुसवते आणि जमिनीतलं मूळ सुकून जातं. पुढे पाणी आणि अन्न, दोन्ही झुडपाचंच.

बांडगुळाचं तसं नाही. गावातल्या एखाद्या जुन्या आंब्याकडे मान वर करून पाहा. आंब्याच्या पानांत वेगळीच जाड, हिरवी पानं आणि नळीसारखी तांबूस फुलं दिसली, तर ते बांडगूळ. ते फांदीतून पाणी आणि क्षार ओढतं, पण अन्न बरंचसं आपल्या पानांत स्वतः तयार करतं. त्याचं बी चिकट. फळं खाणारे फुलटोचे पक्षी ते फांदीवर नेऊन चिकटवतात, म्हणून मातीशी त्याचा संबंधच येत नाही. ते अर्धपरोपजीवी, अमरवेल जवळजवळ पूर्ण. बोलताना आपण आयतोबा माणसाला बांडगूळ म्हणतो, त्यामुळे कुठल्याही परोपजीवी झाडाला तो शब्द लावायचा मोह होतो. मुलांच्या लेखात तो टाळावा. लिहिताना एवढं सांभाळा: ‘बांडगूळ’मध्ये गू दीर्घ, पण ‘बांडगुळं’, ‘बांडगुळाला’ यांत गु ऱ्हस्व.

आता ‘वाळवंटी’. हे विशेषण व्याकरणाने बिनचूक आहे, पण गोव्यात ते अडखळवतं. साखळीहून वाहणारी नदीच वाळवंटी. तिच्या काठी विठ्ठलापूरचं विठ्ठलमंदिर. तुमच्या वर्गातलं मूल ‘वाळवंटी अमरवेल’ वाचून नदीकाठच्या झाडीत वेल शोधू लागलं, तर चूक त्याची नाही. शिवाय मराठीत वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळूही, जसं चंद्रभागेचं. अभंगांत ‘वाळवंटी’ येतं ते ‘वाळवंटात’ या अर्थाने. ‘मरुवेल’ (मरु म्हणजे वाळवंट) मी सुचवणार नाही. तो शब्द घडवता येतो, पण मुलांना पुन्हा समजावून सांगावा लागेल. सरळ ‘वाळवंटातली अमरवेल’ लिहा आणि पहिल्या उल्लेखात मोहावीचं नाव द्या.

लिंगाचंही विचारलं आहे. एकटा ‘वेल’ शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही चालतो; मांडवावर वेल चढला, वेल चढली, दोन्ही बरोबर. ‘अमरवेल’ मात्र मला स्त्रीलिंगीच बरी वाटते.

मुलांना जवळची अमरवेल दाखवायला किनाऱ्यावर नेणार असाल, तर एक पाहून घ्या. समुद्राकाठच्या झुडपांवर अशाच दोऱ्यांचं जाळं घालणारी दुसरी एक वेल असते, कॅसिथा फिलिफॉर्मिस. तिलाही लोक अमरवेल किंवा आकाशवेल म्हणतात, पण तिचं कूळ दालचिनीचं. दोघी इतक्या सारख्या दिसतात, की फळ पाहिल्याशिवाय नाव घेऊ नये: कॅसिथाचं फळ गोल, गरदार आणि एकाच बियेचं, तर कस्कुटाची छोटी सुकी बोंडं.