झोका टांगण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला, वाढीत मागे पडणाऱ्या मुलांच्या उपचार केंद्रात तुझी नेमणूक झाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. मिळालेल्या निधीतून आधी कोणते साहित्य घ्यावे, असे तू विचारले आहेस आणि सोबत यादीही पाठवली आहेस. झोका, मोठे चेंडू, रंगीत चेंडूंचा हौद, स्पर्शाचे फलक असे सगळे तीत आहे. यादीत वावगे काही नाही. परंतु खरेदीला लागण्याआधी तुझ्याकडे येणारे मूल आठवड्यातला किती वेळ तुझ्या खोलीत असणार आहे, याचा विचार कर. जांबोटी किंवा कणकुंबीकडची आई एसटी धरून, त्या दिवसाची मजुरी बुडवून येईल आणि फार तर पाऊण तास तुझ्यासमोर बसेल. उरलेला सगळा आठवडा ते मूल घरात, अंगणात, शेताच्या बांधावर आणि अंगणवाडीत असते, आणि त्याची वाढ व्हायची ती तिथेच होते. म्हणून तुझी खोली ही मुख्यतः आईला शिकवण्याची जागा आहे असे धर आणि त्या हिशेबाने साहित्य घे. एक भक्कम झोका, जाड सतरंज्या, कमी-जास्त उंचीचे पाट आणि स्टूल एवढे पुरे. बाकीचे घरोघरी असते तेच वापर, कारण तुझ्याकडे पाहिलेली वस्तू घरी नसेल तर शिकवलेलेही घरी पोचत नाही.

झोक्याविषयी मात्र नेमके ज्ञान हवे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचे फिरणे टिपतात. त्यांच्या शेजारचे दोन लहान अवयव गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली हालचाल टिपतात. मागे-पुढे, संथ आणि एका लयीत दिलेला झोका बहुतेक मुलांना शांत करतो, तर गरगर फिरवणे चेतवते आणि काही मुलांना त्याने घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, उलटी होते. हा त्रास कधी कधी झोका थांबल्यानंतर बऱ्याच वेळाने होतो, म्हणून झोक्यावरून उतरताच मुलाला घरी पाठवू नकोस. ज्याला फिट येतात, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय फिरवायचे नाही. झोका इतका खाली बांध की मुलाचे पाय जमिनीला टेकतील आणि थांबायचे केव्हा हे त्याचे त्याला ठरवता येईल. पंचमीला आपल्याकडे झाडाला दोर बांधून झोके घेतात, मुली फुगड्या घालतात, गल्लीत लंगडी रंगते; तोल आणि हालचालीचा इतका भरपूर अनुभव देणाऱ्या गोष्टी गावात असताना त्या मुलाला तिथे कसे सामील करून घेता येईल, हे आईशी आणि भावंडांशी बोलून ठरव.

स्पर्श, तोल, हालचाल अशा संवेदनांचा मेंदूत मेळ बसवण्याची ही सगळी मांडणी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) बाईंनी १९६० आणि ७०च्या दशकांत केली. तिचा उपयोग होतो हे मी पाहिले आहे, तरीही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली दिलेला इशारा तू विसरू नयेस असे मला वाटते. या उपचारांचे पुरावे मर्यादित आहेत हे पालकांना सांगावे, उद्दिष्ट आधी ठरवावे आणि ठरलेल्या मुदतीत फरक पडला की नाही ते तपासावे, असा त्याचा आशय आहे. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा झाल्याने हालचालींत अडचण येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर आज चित्र बरेच स्पष्ट आहे. आपण मुलाचे हातपाय हलवत बसण्यापेक्षा, मुलाने स्वतःला हवे असलेले काम स्वतःच्या प्रयत्नाने, रोजच्या जागी, पुन्हा पुन्हा केले तर फायदा अधिक होतो.

याचे एक उदाहरण देते. डावी बाजू कमजोर असलेला एक सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. जेवताना त्याची डावी मूठ मांडीखाली दाबलेली असायची. ‘हात मोकळा व्हावा’ एवढेच आईचे मागणे होते. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, भावांबरोबर शेंगा खायच्या आहेत, पण फोडून होईपर्यंत ते संपवतात. मग आम्ही उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. पहिले काही दिवस आई शेंगेला नुसती चीर पाडून देई. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत ती धरून ठेवायची आणि उजव्या हाताने उकलायची. मग चीर पाडून देणे बंद केले आणि शेवटी भाजलेल्या, कडक शेंगा आल्या. त्या हातासाठी मी वेगळा व्यायाम क्वचितच दिला असेल. मात्र लहान मुलांना शेंगदाणे, वाटाणे, चिंचोके खेळायला देऊ नकोस, आणि तोंडात वस्तू घालणारे मूल मोठे असले तरी देऊ नकोस, घशात अडकतात.

स्पर्शाच्या बाबतीत घरच्यांचा गैरसमज फार होतो. केस कापताना किंचाळणारे, चिखलात पाय न ठेवणारे, कोरडा भातच खाणारे आणि त्यावर आमटी पडली की ताट लोटून देणारे मूल ‘हट्टी’ ठरते आणि मार खाते. अशा मुलाला हलका, अचानक झालेला स्पर्श धोक्यासारखा जाणवतो. घट्ट, संथ, आधी सांगून केलेला स्पर्श त्याला चालतो. हे समजावताना आईला तिच्याच तेल लावण्याची आठवण करून दे: भरल्या हाताने, लांब पट्ट्यात, पाठीवरून खाली. खानापूरची माती कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, तिचा चांगला उपयोग होतो. आधी कोरडी माती डब्यात, त्यात चमचा; मग थोडे पाणी; मग काडीने रेघा; बोट घालायचे की नाही हे मुलाने ठरवायचे. हात धरून मातीत बुडवला तर महिनाभराचे काम एका क्षणात वाया जाते. सांधे आणि स्नायूंना जोर देणारी कामेही अशा मुलांना स्थिर करतात. भरलेला तांब्या तुळशीपर्यंत नेणे, ओले कपडे पिळणे, भाकरीच्या पिठाचा गोळा मळणे, ही सगळी त्यातलीच.

वयाचे टप्पे सांगताना घाई करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांचा अभ्यास करून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे, आणि शंभरातली सुमारे चार मुले हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत. शेजारणीच्या नातवाशी तुलना करून घाबरलेल्या आजीला हे अवश्य सांग. बाजारात मिळणारा, मुलाला मधोमध बसवायचा वॉकर मात्र घेऊ देऊ नकोस. तो चालायला शिकवत नाही आणि पडझडीचा धोका वाढवतो, कॅनडात तर २००४ पासून त्याच्यावर बंदी आहे. त्याऐवजी सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून घ्यायला सांग. तो मूल स्वतःच्या पायावर उभे राहून ढकलते, पायांवर भार घेते आणि तोल स्वतः सांभाळते.

आता भाषेविषयी, कारण या भागात सर्वात जास्त चुका तिथेच होतात. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारी कोकणी किंवा उर्दू, अशा घरातले मूल तपासणीच्या वेळी कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नाला गप्प राहते आणि कागदावर ‘आकलन कमी’ असे लिहिले जाते. मुलाला येणारे शब्द सर्व भाषांतले मिळून मोज. दोन भाषा ऐकल्यामुळे बोलणे उशिरा येते, असे संशोधनात आढळलेले नाही. घरची भाषा बंद करायला सांगितले तर आई आणि आजी त्या मुलाशी बोलायच्याच थांबतात, आणि तो तोटा फार मोठा असतो. भाषा हा इथल्या मोठ्या माणसांचा जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय आहे, तो मुलाच्या तपासणीत येऊ देऊ नकोस. मूल बोलत नसेल, तर इतर कोणत्याही तर्काआधी श्रवणचाचणी करून घे.

घरी करायचे काम एका वेळी एकच दे, फार तर दोन. आईला करून दाखव, मग तिला तुझ्यासमोर करू दे, आणि तिच्या फोनमध्ये तिच्याच हातांचा व्हिडिओ काढून दे. छापील कागद बहुधा फळीवरच राहतो. भातलावणीच्या दिवसांत ती चिखलात असते, तेव्हा ‘सकाळ-संध्याकाळ व्यायाम’ सांगणे निर्दयपणाचे आहे. आंघोळ, जेवण आणि झोपेच्या वेळा तेवढ्या पकड. निपाणीकडच्या, घरी विड्या वळणाऱ्या बायांचे मूल दिवसभर मांडीवर असते; त्याला शेजारी वाकळेवर पालथे ठेवायला सांग, पण तंबाखूचे सूप त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर.

काही बाबतींत मात्र एक दिवसही थांबायचे नाही. नऊ महिन्यांनंतरही न बसणारे, दीड वर्षांनंतरही न चालणारे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न बोलणारे, पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरणारे, आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे किंवा कौशल्य गमावणारे मूल लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठव. मुलांची आरोग्यतपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत येतात, त्यांच्याशी आणि अंगणवाडीच्या टीचरशी ओळख वाढव. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमताही येतात. पात्र मुलाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, काढायला घरच्यांना मदत कर. फॉर्म भरण्यात गेलेला तास हा उपचाराचाच तास समज.

पहिल्या महिन्यातल्या नोंदी मला पाठव. प्रत्येक नोंदीत निदानाच्याही वर, त्या मुलाला स्वतःला काय करायचे आहे, ती ओळ असू दे.

कळावे,
तुझी शिक्षिका