फुकटचं घे, पण अटी वाचून घे

ग्राफिक डिझाइन शिकायला लागलास म्हणून सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई करू नकोस. लोगो-पत्रिकांना इंकस्केप, फोटोला गिंप. दोन्ही फुकट आणि सुरुवातीला पुरून उरतील.

खरी मेख फॉन्टची. गूगल फॉन्ट्सवर ‘मुक्त’ आणि ‘बलू’ आहेत, आपल्याच लोकांनी, ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने केलेले. ओपन फॉन्ट लायसन्समुळे, म्हणजे खुल्या वापराच्या परवान्यामुळे, गिऱ्हाइकाच्या कामातही बिनधास्त वापर. सोलापुरात बलूची मजा वेगळीच: त्याच वळणात कन्नडसाठी ‘बलू तम्मा’ आणि तेलुगूसाठी ‘बलू तम्मुडू’ मिळतो, म्हणजे शहराच्या पूर्व भागातल्या दुकानाची तिन्ही भाषांतली पाटी एका घरची वाटते. फॉन्ट उतरवला की आधी ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ टाइप कर. ‘द्धे’ आणि ‘श्व’ नीट जुळले तर ठीक. फोटोशॉपमध्ये अक्षरं फुटली तर फॉन्टला शिव्या देऊ नकोस, टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट (आपल्या लिपीची जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू कर.

फोटोंना पेक्सेल्स, अनस्प्लॅश या फुकट फोटोंच्या साइट. विकिमीडिया कॉमन्सवर मात्र प्रत्येक फोटोची अट वेगळी, कुठे नाव द्यावं लागतं. गूगल इमेजेसवरून उचललेला फोटो म्हणजे चोरीच, फ्लेक्सवाले काही म्हणोत.

कल्पनांसाठी बिहान्स, म्हणजे डिझायनर आपलं काम मांडतात ती साइट, बघ, पण तिथेच मुक्काम ठोकू नकोस, सगळ्यांचं काम सारखं दिसायला लागतं. घरातली जॅकार्ड चादर पसर. मोजक्या रंगांत, चौकटीच्या हिशेबात किनार कोपऱ्यावर कशी वळवलीय ते बघ आणि ग्राफपेपरवर उतरव. त्यातून निघालेली एखादी बॉर्डर मला दाखव.