वाचकांचे प्रश्न : किमो-रेडिएशनमध्ये तोंड येतं तेव्हा

प्रश्न : बाबांच्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. 3 आठवड्यांनी 30 शेक (रेडिएशन) सुरू होणार आहेत. शेकाने तोंड फार येतं म्हणतात. आतापासून काय करावं? (मानेवाडा)

आधी बाबांचे दात दाखवून घ्या, याच आठवड्यात. रेडिएशन घेतलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर दात काढला तर जखम महिनोन् महिने भरत नाही, कधी हाडच सडतं. म्हणून किडलेला, हलणारा दात शेकाआधीच निघायला हवा आणि जखम भरायला किमान 2 आठवडे मिळायला हवेत. तुमच्याकडे 3 आहेत. उपचार चालू आहेत तिथे दंतविभाग नसेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात जा. सोबत कॅन्सरची फाइल न्या आणि शेक कधी सुरू होणार ते पहिल्याच वाक्यात सांगा.

तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. रेडिएशन याच भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं, त्यामुळे जुनं झिजतं पण नवं येत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आत लाली आणि आग सुरू होते, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात छाले सर्वांत जास्त असतात. शेक संपल्यावर भरून यायला आणखी 2 ते 4 आठवडे लागतात. हे पूर्ण टाळता येत नाही, पण त्याची तीव्रता कमी ठेवता येते.

त्यासाठी पहिल्या शेकापासूनच गुळण्या सुरू करा. उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी, त्यात 1 सपाट चमचा मीठ आणि 1 सपाट चमचा खाण्याचा सोडा. चमचा चहाचा, 5 मिलीचा. पापडखार किंवा फ्रूट सॉल्ट चालत नाही. एक मोठा घोट अर्धा मिनिट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा, गिळायचा नाही. दर 2-3 तासांनी, जेवणानंतर आणि झोपताना हे करायचं. पाणी रोज नवं करा. छाले झोंबू लागले तर मीठ निम्मं करा, पण गुळण्या थांबवू नका. ब्रश अगदी मऊ घ्या. तोही बोचला तर 5 मिनिटं कोमट पाण्यात बुडवून मग वापरा. बाजारातल्या अल्कोहोलच्या माउथवॉशने तोंड कोरडं पडतं आणि जळतं, तो नको. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक गुळणीने शेकातले छाले टळत नाहीत. बेन्झिडामाइनची गुळणी मात्र उपयोगी ठरलेली आहे, डॉक्टरांना तिच्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. कमी तीव्रतेच्या लेझरची सोय असेल तर तीही विचारून घ्या. छाले आल्यावर नाही, त्याआधीच सुरू केल्याने तिचा खरा फायदा होतो.

आणि खर्रा (तंबाखू, सुपारी, चुन्याचं मिश्रण)? एक पुडीही नाही. शेक चालू असताना तंबाखू-चुन्याने छाले चिघळतात आणि उपचाराचा गुणही कमी येतो. घरात दुसरं कुणी खात असेल, तर त्यांनीही बाबांसमोर पुडी काढू नये.

प्रश्न : 22 शेक झाले. तोंड आतून सोलून निघालं आहे, भाऊ फक्त पेज आणि नारळपाणी घेतो. आठ दिवस शेक बंद ठेवून तोंड बरं करून घ्यावं का? (जरीपटका)

कृपा करून तसं करू नका. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये मध्येच खंड पडला, तर उरलेल्या कॅन्सरपेशी तेवढ्या दिवसांत पुन्हा वाढतात आणि आजार परत येण्याचा धोका वाढतो. शेक थांबवायचा की नाही, हे फक्त रेडिएशनच्या डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही त्यांना आजच सांगायची गोष्ट वेगळी आहे : ‘दुखण्यामुळे गिळता येत नाही.’ अनेक रुग्ण डॉक्टर रागावतील म्हणून किंवा सहन करायचंच असतं असं समजून गप्प बसतात, आणि वजन घटत जातं.

दुखणं कमी करायला औषधं आहेत. लिग्नोकेनचं घट्ट द्रावण जेवणाआधी डॉक्टर सांगतील तेवढं तोंडात फिरवून थुंकायचं. त्याने तोंड आणि घसा बधिर होतो, म्हणून भाऊला ताठ बसवा, छोटे घास द्या, गरम काही देऊ नका. नाहीतर ठसका लागेल किंवा भाजलेलं कळणार नाही. तेवढ्याने भागलं नाही तर मॉर्फिन देतात. मॉर्फिन म्हणजे शेवट, ही समजूत चुकीची आहे. छाले भरले की ते हळूहळू कमी करून बंद करतात.

पेजेवर राहून जखम भरणार नाही. 50 किलोच्या माणसाला या काळात रोज 60 ते 75 ग्रॅम प्रोटीन लागतं. 1 लिटर दुधात साधारण 32 ग्रॅम, 4 पूर्ण शिजवलेल्या अंड्यांत 24 आणि वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅम मिळतं. ज्वारीच्या कण्या दुधात मऊ शिजवून, वरण-भात तूप घालून मिक्सरमधून काढून, अंडं कस्टर्डमध्ये मुरवून, असं दर 2 तासांनी थोडं थोडं द्या. सगळं कोमट किंवा गार. एवढं करूनही वजन घसरतच राहिलं, तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतील. घाबरू नका, गिळता यायला लागलं की ती निघते.

प्रश्न : आईला किमोच्या वेळी बर्फ चघळायला द्यायचे. आता औषध बदललं आणि नर्सताईंनी बर्फाला मनाई केली. असं का? (हिंगणा)

दोन्ही वेळा बरोबरच सांगितलं. 5-एफयू हे औषध शिरेतून एकदम देतात, तेव्हा 5 मिनिटं आधीपासून एकूण अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात घोळवले, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं. तेच औषध पंपाने दोन दिवस सावकाश जात असेल, तर अर्ध्या तासाच्या बर्फाने काही साधत नाही. आणि ऑक्सालिप्लाटिन हे किमोचं औषध दिलं असेल, तर गार वस्तूने घशात मुंग्या येतात, श्वास अडकल्यासारखं वाटतं. आईच्या कागदावर ते नाव आहे का, पाहा. असेल तर उन्हाळ्यातसुद्धा माठातलं नको, साधं किंवा कोमट पाणीच द्या.

प्रश्न : सासूबाईंच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला आहे. शेजारच्या काकू बोरोग्लिसरीन आणि मध लावायला सांगतात. (प्रतापनगर)

ही बहुधा बुरशी आहे. थर पुसला जातो आणि खाली लाल दिसतं. त्यावर बुरशीचं औषध लागतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ करून ठेवा, नाहीतर तीच बुरशी पुन्हा तोंडात येते. ग्लिसरीनने तोंड आणखी कोरडं पडतं, ते लावू नका. रेडिएशनमध्ये छाले कमी राखायला मधाचा उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत, पण बुरशीवर ते औषध नव्हे. शिवाय साखरेचा आजार असेल किंवा रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

किमो चालू असेल तर थर्मामीटर उशाशी ठेवा. छाल्यांतून जंतू रक्तात शिरतात. ताप 100.4 फॅरेनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच वॉर्ड गाठा.

प्रश्न : शेक संपून आठ दिवस झाले. संत्री आणि सावजी कधी चालेल? (महाल)

संत्र्याचं आंबट आणि सावजीचं तिखट, दोन्ही ताज्या अस्तराला सोलतात. छाले पूर्ण भरल्यावर आधी गोड, पापुद्रा काढलेली फोड चाखून बघा. झोंबली नाही तर आठवड्याने फिका रस्सा. लाळ कमी झाली असेल तर दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दर 3 महिन्यांनी दातांची तपासणी चालू ठेवा. यापुढे कधीही दात काढायची वेळ आली, तर रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका.