अमेरिकेत कागदपत्रांविना वाढलेल्या मुलांना कोणता देश आपला वाटतो?

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापुरतेच देऊ शकते. मी परकी आहे ही जाणीव मला अमेरिकन लोकांनी फारशी करून दिली नाही. ती झाली ती आपल्या मराठी माणसांत वावरताना, आणि त्यात त्यांचा काही दोष होता असेही नाही.

१९९९ साली, सात वर्षांची असताना, मी आईबाबांबरोबर सांगलीहून न्यू जर्सीला आले. व्हिसा पर्यटकाचा होता. पासपोर्टात टाचलेल्या पांढऱ्या कार्डावर मुक्कामाची शेवटची तारीख होती. ती सहा महिन्यांत उलटली आणि आम्ही परत गेलो नाही. बाबा पेट्रोल पंपावर लागले (न्यू जर्सीत गाडीवाल्याने स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे त्या कामाला माणसे लागतातच). शाळेची अडचण आली नाही, कारण कागदपत्रे नाहीत म्हणून मुलांना सरकारी शाळेची दारे बंद करता येत नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिलेला होता.

खरी कसोटी असे ती हळदीकुंकवाला किंवा गणपतीला. एडिसन गावाच्या आसपासची ती मंडळी बहुतेक नोकरीच्या एच-वन व्हिसावर आलेल्या इंजिनिअरांच्या घरची, आणि त्यांचा अगदी साधा प्रश्न असे, ‘यंदा जाताय का इंडियाला?’ आई दर वर्षी सांगायची, ‘यांना सुट्टीच नाही मिळाली.’ एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेल्या माणसाने देश सोडला, तर १९९६ च्या कायद्यानुसार त्याला दहा वर्षे परत येता येत नाही, हे त्या बायकांना सांगणे म्हणजे सगळेच सांगणे होते. २००९ मध्ये आजी गेली तेव्हा बाबांनी बाथरूममध्ये स्वतःच डोके भादरले आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते पंपावर गेले. पुढचे दोन महिने आम्ही कोणाकडेच गेलो नाही, कारण सख्खी आई वारली तरी मुलगा गेला नाही, याचे कारण काय सांगणार?

१५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने लहानपणी आलेल्या मुलांसाठी योजना जाहीर केली. तिचे लघुनाव ‘डाका’, आणि सरकारच डाका घालणार म्हटल्यावर बाबा किती तरी दिवसांनी हसले. तिच्यात नागरिकत्व नाही की कायमचा रहिवास नाही. हद्दपारी पुढे ढकलली जाते आणि काम करण्याचा परवाना मिळतो, तोही दर दोन वर्षांनी नव्याने मागावा लागतो. तरी मला नोकरी लागली ती त्याच परवान्यावर. आईबाबांना त्यातले काहीच लागू नव्हते.

२०२२ मध्ये आजोबा अत्यवस्थ झाले, तेव्हा ‘डाका’खाली प्रवासाची आगाऊ परवानगी काढून मी तेवीस वर्षांनी मुंबईला उतरले. भारतीय नागरिकांच्या रांगेत मी पहिल्यांदाच उभी होते. अधिकाऱ्याने न्यूयॉर्कच्या वकिलातीत काढलेला माझा पासपोर्ट चाळला, एकही शिक्का नाही हे पाहिले आणि मराठीत विचारले, ‘इतकी वर्षं आला नाहीत?’ माझ्या तोंडून आपसूक निघून गेले, ‘सुट्टीच नाही मिळाली.’ आजोबांनी मला ओळखले, पण हाक मारली ती आईच्या नावाने.

परतताना नेवार्कला मला वेगळ्या खोलीत दोन तास बसवून ठेवले. शिक्का मारून सोडल्यावर बाहेरची ती ओळखीची बोचरी थंडी लागली आणि घरी पोहोचल्यासारखे वाटले. आजोबांना तसे सोडून आल्यावर असे वाटावे, याची मला लाजही वाटली. आपला प्रश्न वाचताना मला आधी तोच क्षण आठवला.

त्या डिसेंबरात एका काकूंनी आईला नेहमीचा प्रश्न विचारला. आईने माझ्याबरोबर आलेल्या भडंगाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, ‘आमची मुलगी जाऊन आली.’