युद्धात मरण पावलेल्या सैनिकांचे चर्चमध्ये स्मरण करणे ही ख्रिस्ती दृष्टीने मृतांची पूजा ठरत नाही का?

नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये जी स्मरणोपासना होते, तिच्यात प्रार्थना देवाला केली जाते, मृतांना नव्हे. सैनिकांनी वेचलेल्या प्राणांबद्दल कृतज्ञता, युद्धाच्या मुळाशी असलेल्या मानवी पापाची कबुली आणि शांतीची याचना असे तिचे स्वरूप असते.

खरा मतभेद आहे तो मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, याविषयी. कॅथलिक चर्च शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी मृतांचे आत्मे शुद्ध होण्याची अवस्था, मानते आणि म्हणून २ नोव्हेंबरला मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा (ख्रिस्ताच्या बलिदानाच्या स्मरणाची मुख्य उपासना) अर्पण करते. बहुतेक प्रोटेस्टंट पंथ मात्र मृतांना देवाच्या हाती सोपवून स्मरणापाशी थांबतात.

मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन (१५:१३) अनेक युद्धस्मारकांवर कोरलेले आढळते. येशूने ते स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री, शिष्यांना एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा देताना उच्चारले होते. त्यामुळे रणांगणावरच्या प्रत्येक मृत्यूला ते सरसकट लावणे मला तरी खटकते. सैनिकाच्या त्यागाचा सन्मान करावा, परंतु तो ख्रिस्ताच्या बलिदानाच्या बरोबरीचा नाही आणि त्याने तारण (पापापासून मुक्ती) मिळते, अशी चर्चची शिकवणही नाही.

आपल्याकडचे उदाहरण पाहायचे असल्यास मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तूत आजही उपासना होते.